आत्याचं तिसरं नाव

माझ्या आईचं नाक फार तिखट होतं. दूध उतू जायच्या आधी तिला कळायचं, शेजारच्या मिश्रांकडे कुणाचा ताप उतरला नाही हे काढ्याच्या वासावरून कळायचं, आणि घरात कुणी काही लपवत असेल तर तेही आपल्याला नाकानेच कळतं अशी तिची पक्की समजूत होती. "काहीतरी शिजतंय," असं ती चुलीपुढे बसून म्हणाली की आम्ही भावंडं आपापले खिसे चाचपत असू. निम्म्या वेळा कुठे काही शिजत नसायचं. पण आईने कधी माघार घेतली नाही. सापडलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही, चांगलं लपवलंय एवढंच, असं तिचं म्हणणं. आज मी तिच्यापेक्षा कितीतरी म्हातारी झाले आहे, ग्वाल्हेरच्या थाटीपुरात मुलाकडे राहते, आणि सून दार लोटून फोनवर बोलायला लागली की माझंही नाक वर होतं. आईने मला दागिने फारसे दिले नाहीत, हे मात्र भरपूर दिलं.

आम्ही तेव्हा याच शहराच्या लष्कर नावाच्या भागात, माधवगंजात राहत होतो. भाड्याची जागा, वर तीन खोल्या आणि गच्ची, खाली एका शिंप्याचं दुकान. दिवसभर त्याच्या मशीनची घरघर जिन्यातून वर येत असे. सकाळी लांबून छोट्या रेल्वेची शिट्टी ऐकू यायची, मग देवळातली घंटा, मग बेडईवाल्याची कढई आणि झारा. बेडई म्हणजे उडदाची डाळ भरलेली फुगीर पुरी, वर बटाट्याची झणझणीत रस्सा भाजी. आई तिला विष म्हणायची. आमच्याकडे न्याहारीला काल रात्रीच्या पोळीचा कुस्करा. जेवायला आमटी आणि भात, कारण आम्ही कितीही पिढ्या इथे काढल्या तरी दक्षिणेचे, हे आई पानात वाढून दाखवत असे. आमचे पूर्वज फौजेच्या मागोमाग दप्तर सांभाळत इथवर आले आणि इथलेच होऊन राहिले. घरात मराठी, जिन्याच्या खालच्या पायरीपासून हिंदी, आणि मधल्या पायऱ्यांवर दोन्हींची खिचडी.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते दरबारच्या कचेरीत अव्वल कारकून होते. मग संस्थान विलीन झालं आणि दरबारच राहिला नाही. कचेरी तीच, टेबल तेच, दारावरची पाटी बदलली आणि अण्णा मध्य भारत नावाच्या नव्या प्रांताचे नोकर झाले. काही महिने कचेरी ग्वाल्हेरला, उन्हाळा आला की सगळं बांधून इंदूरला. ग्वाल्हेरवाल्यांना इंदूरवाल्यांचा संशय, इंदूरवाल्यांना ग्वाल्हेरवाल्यांचा, आणि दोघांना मिळून वरून आलेल्या प्रत्येक माणसाचा. कोण राहणार, कोण कमी होणार, कुणाची बदली कुठे, याखेरीज पुरुषमाणसं दुसरं बोलत नसत. अण्णा घरी आले की आधी रस्त्याकडची खिडकी लावत आणि मगच आईशी बोलत. कचेरीतला जुना मित्र हसून बोलला तरी रात्री त्यांना झोप येत नसे, की तो हसला कशासाठी.

अशा या घरात आमची आत्या राहत होती. अण्णांची धाकटी बहीण. तिचं पाळण्यातलं नाव गोदावरी. आमच्यात लग्न झालं की मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि सोन्याच्या अंगठीने नवऱ्यामुलाने त्यात नवरीचं नवं नाव लिहायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, पेढे वाटायचे, आणि ताट उचललं की मुलगी दुसरीच कुणी झालेली असते. आत्या तशी रमा झाली. दोन उन्हाळे ती सासरी रमा होती. मग नवरा टायफॉइडने गेला आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. आता तिला गोदा म्हणावं की रमा, हे कुणालाच नक्की ठरवता येईना. रमा म्हटलं तर तिचा नवरा आठवे, गोदा म्हटलं तर मधलं काही झालंच नाही असं होई. म्हणून हळूहळू कुणीच काही म्हणेनासं झालं. आई तिला वन्सं म्हणायची, आम्ही आत्या, आणि अण्णा नुसतं "अगं" म्हणून काम भागवत. मला हे तेव्हा विचित्र वाटलं नाही. घरातल्या बायकांना नाव नसणं ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती.

माझ्या धाकट्या भावाच्या, वसंताच्या वेळी आईचं बाळंतपण अडलं. सुईण हात टेकून बसली, तेव्हा आईला टांग्यात घालून मुरारच्या बाजूच्या मिशनच्या जनाना दवाखान्यात न्यावं लागलं. सोबत आत्या गेली. तिथली मेट्रनबाई नगरकडची ख्रिस्ती होती आणि आपल्यासारखंच मराठी बोलत होती, याचा आईला आजन्म राग होता. इंग्रज मडम असती तर तिला चाललं असतं. आत्या आईजवळ थांबली, आणि आई सुटल्यावर पलीकडच्या खाटेवरच्या कुणा गावाकडच्या बाईचा हात धरून उभी राहिली. ती बाई आत्याचा हात सोडीना. मेट्रनबाईंनी ते पाहिलं आणि चारआठ दिवसांनी निरोप पाठवला की या बाईला आमच्याकडे कामाला पाठवा. अण्णा नाही म्हणणार होते. पण कचेरीत माणसं कमी करण्याची कुणकुण होती आणि घरात आणखी एक पगार कुणाला नको असतो? आत्या जाऊ लागली.

वसंताचं बारसं मला लख्ख आठवतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तो तिच्याकडून कुणी काढून घेत नाही. पण आमची आत्या विधवा, म्हणून दाल बाजारात राहणारी अण्णांची एक चुलत बहीण नाव सांगायला बोलावली. तिने वसंताला त्या दिवसाआधी पाहिलंही नव्हतं. पाळण्याभोवती गाणी चालली होती, पोरं त्या चुलत आत्याच्या पाठीत धपाटे घालत होती, आणि जिने आईला आणि बाळाला जिवंत घरी आणलं ती आतल्या खोलीत घुगऱ्यांना फोडणी देत होती. मी आत पाणी प्यायला गेले तर म्हणाली, "काय नाव ठेवलं गं?" मी सांगितलं. "चांगलं आहे," म्हणाली आणि पातेलं खाली उतरवलं. मला अजून राग येतो. आईचा येतो, अण्णांचा येतो, त्या चुलत आत्याचाही येतो, आणि ती बिचारी तर नुसती बोलावलं म्हणून आली होती.

त्यानंतर काही वर्षांनी एका हिवाळ्यात आईचं नाक वर झालं. झालं असं की आत्या नावं विचारायला लागली. मी भांडी विसळायला बसले की हळूच म्हणायची, "कुसुम, तुला कुठलं नाव आवडतं गं?" मी विचारायची, कुणाचं? "कुणाचं नाही. नुसतं नाव." मी शाळेतल्या मैत्रिणींची सांगितली, शोभा, मंदाकिनी, कमला. ती प्रत्येक नाव ओठांतल्या ओठांत म्हणून बघायची आणि मान हलवायची. तांदूळ निवडताना पुटपुटायची. गच्चीवर कपडे वाळत घालताना पुटपुटायची. मिश्रांच्या बायकोलाही तिने विचारलं, तेव्हा मिश्रीणबाईंनी आईला जिन्यात गाठून म्हटलं, "काहो वहिनीजी, खुशखबर है क्या घर में?" खुशखबर नव्हती. वसंतानंतर आईला मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं आणि ते साऱ्या गल्लीला माहीत होतं.

आमच्यात नाव शोधते ती आत्या, आणि नाव शोधतात ते येणाऱ्या बाळासाठी. दुसऱ्या कशासाठी माणूस नाव शोधतो, हे आईच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. माझ्याही नसतं आलं. मग तिला दिसू नये ते सगळं दिसायला लागलं. आत्याच्या पिशवीत लोकरीचं एवढंसं टोपडं सापडलं, अर्धं विणलेलं. आत्या आवळ्याचं लोणचं नुसतंच खाताना दिसली. एकादशीला उपास करीना. देवापुढचा नैवेद्याचा पेढा हातात घेऊन मला देऊन टाकायची, खायची नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ती आनंदात असायची. पाणी भरताना गुणगुणायची. विधवेने विनाकारण गुणगुणावं, याला आईच्या हिशोबी एकच कारण होतं. ती आत्याचं लुगडं धुवायला स्वतः घेऊ लागली. आत्या वाकली, बसली, उठली की तिची नजर आत्याच्या पोटाकडे. जेवताना जास्त वाढून बघायची, कमी वाढून बघायची. अण्णांच्या कानावर घातलं तेव्हा त्यांनी खिडकी तर लावलीच, दारही लावलं, आणि एवढंच विचारलं, "कोण आहे?" त्यांचा संशय दवाखान्यातल्या कंपाउंडरवर गेला, कारण दुसऱ्या कुठल्या पुरुषाचं नाव त्यांना माहीत नव्हतं. तो कंपाउंडर साठीचा होता हे पुढे कळलं.

शेवटी एका दुपारी आईला राहवेना. आत्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी जवळच अभ्यासाला बसले होते, मला जा म्हणायचं भानही आईला राहिलं नाही. ती समोर येऊन बसली आणि सरळ विचारलं, "वन्सं, कितवा महिना?"

आत्याला आधी कळलंच नाही. "पौष ना?" म्हणाली. मग आईच्या नजरेमागून तिने स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि ती हसायला लागली. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. सूप मांडीवरून घसरलं, तांदूळ सगळीकडे झाले, आणि ती पदराने डोळे पुसत हसत होती. आई आणखीच घाबरली. तिला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"वहिनी," आत्या दम घेत म्हणाली, "नाव मी माझ्यासाठी शोधतेय."

मग तिने सांगितलं. तांदूळ गोळा करता करता, मान वर न करता सांगितलं. ती ख्रिस्ती होणार होती. दर रविवारी दवाखान्याच्या आवारातल्या प्रार्थनेला ती कधीपासून मागे बसत होती. पाळक साहेबांनी बाप्तिस्म्याचा दिवस नेमला होता. नाव तेवढं ठरायचं होतं. टोपडं दवाखान्यातल्या एका बाळासाठी होतं.

आई हळूच म्हणाली, "म्हणजे तसलं काही नाही?" "नाही हो वहिनी." आईने हात जोडून कपाळाला लावले. आणि ते हात खाली येता येता तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली आणि तिचा चेहरा पडला. "अगंबाई," ती म्हणाली, "पोट असतं तर गावाला पाठवून झाकलं असतं हो. हे कसं झाकायचं?"

अण्णा संध्याकाळी आले. खिडकी लावली. कोट न काढताच खुर्चीवर बसले आणि आत्याला समोर उभं केलं.

"काय दिलं त्यांनी तुला?"

"काही नाही, दादा."

"फुकटात कुणी देव देतं का? सीधी बात सांग. काहीतरी कबूल केलं असेल. नर्सचं काम? क्वार्टर?"

"आयाच आहे, आयाच राहणार."

"मग डोक्यात कुणी भरवलं? त्या नगरवालीने?"

अण्णांनी सूर बदलला. कचेरीत वरिष्ठाला पटवताना ते असंच बोलत असणार. "हे बघ. देव तुला हवा तो घे. मनातल्या देवाला कोण विचारतं? पण नाव कशाला बदलतेस? नाव बदललं म्हणजे साऱ्या लष्करात दवंडी पिटल्यासारखं. आपलं आहे ते नाव ठेव आणि चुपचाप राहा."

"आपलं कुठलं, दादा?" आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "गोदा की रमा? शेवटचं कधी कुठल्या नावाने हाक मारलीस, आठवतं का तुला?"

अण्णांना आठवेना. मला बघवेना, मी आईकडे बघितलं, तर आई जमिनीकडे.

"मला मेट्रनबाईंनी विचारलं, तुला काय नाव हवं," आत्या सांगू लागली. "मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मला सांगताच येईना, दादा. त्यांनी त्यांच्या शास्त्रातली नावं सांगितली, सारा, मार्था, रूथ. चांगली आहेत, पण कुणी तशी हाक मारली तर मी वळून बघणार नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, आमच्यात देव ज्याला काम देतो त्याला नाव देतो. एक कोळी होता. त्याला प्रभूने सांगितलं, आजपासून तू खडक. तेव्हा तो खडक बिडक काही नव्हता. भित्रा होता, ऐन वेळी पळाला सुद्धा. पण नाव आधी दिलं आणि माणूस मागाहून त्या नावाएवढा झाला. त्या म्हणाल्या, तुला काय काम दिलंय ते बघ, नाव त्यात सापडेल." ती थांबली. "मी खूप विचार केला. मला येतं काय? बाया कळांनी ओरडतात तेव्हा हात धरून उभं राहता येतं. दिवसभर मी एकच बोलते, धीर धर बाई, धीर धर. म्हणून धीरा."

तोपर्यंत तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटतं, ते नाव तिला त्या क्षणीच, आमच्या घरात उभ्याउभ्याच सापडलं असावं. कारण बोलून झाल्यावर ती स्वतःच जरा चकित झाल्यासारखी दिसली.

"हे काय नाव झालं?" अण्णा म्हणाले. "धड त्यांचं नाही, धड आपलं नाही." आणि मग त्यांनी ते सांगितलं जे त्या काळचा कुठलाही भाऊ सांगेल. बाप्तिस्मा घेतलास तर या घराची पायरी चढू नकोस. आत्या "बरं" म्हणाली. भांडण झालं असतं तर पुढे समेट झाला असता, पण ती नुसती "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रंक घेऊन खाली उतरली. शिंप्याने मशीन थांबवून ट्रंक टांग्यात चढवायला हात लावला. अण्णा आत पूजेला बसले होते. इतकी लांब पूजा त्यांनी कधी केली नव्हती.

बाप्तिस्म्याचा समारंभ मी पाहिला नाही. आईने गल्लीत सांगून टाकलं की वन्सं इंदूरला गेल्यात, तिथे एका नातेवाइकांचं आजारपण आहे. मिश्रीणबाई म्हणाल्या, "अच्छा? परसों तो हमने मुरार में देखा उन्हें." आई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, "उनके जैसी दिखनेवाली बहुत हैं." त्या आजारी नातेवाइकाला आईने पुढे कितीतरी महिने बरं होऊ दिलं नाही. घरात आत्याचा विषय बंद झाला. पण संशय काही बंद होईना, उलट तो तिच्या रिकाम्या जागेवर येऊन बसला. अण्णांना वाटे, तिला तिथे कोंडून ठेवलं असेल. आईला वाटे, आता पस्तावली असेल पण सांगत नसेल. कुणी मांस खायला लावत असेल, कुणी रडवत असेल. ती मजेत असेल, असं म्हणायची हिंमत घरात कुणाला नव्हती.

मी स्वतः ख्रिस्ती झाले नाही. सकाळी देवाला फूल वाहते, रामरक्षा म्हणते. पण धर्म बदलला म्हणजे माणूस विकला गेला असं कुणी माझ्यासमोर म्हणालं, आणि हल्ली फार म्हणतात, तर मला चीड येते. माझंही नाव लग्नात तांदळात लिहिलं होतं. सासरी मी कुसुमची मंगला झाले आणि मला कुणी विचारलं नाही की यामागे काम काय आहे, देव काय म्हणतो. मी टाळ्या ऐकल्या आणि पेढा खाल्ला. तेव्हा आत्याच आठवली होती.

आत्या घर सोडून गेल्यावर काही काळाने प्रांतांची पुन्हा नवी मांडणी झाली, मध्य भारतही गेला, आणि अण्णांची कचेरी भोपाळला निघाली. घरात पोती, सुतळी आणि रडारड. एका सकाळी अण्णा मला म्हणाले, "चप्पल घाल, मुरारला जायचंय." आईला त्यांनी बेत आधीच सांगितला होता. भोपाळात आपल्याला ओळखतंय कोण? तिथे ती पुन्हा रमा, नाहीतर गोदा, काय हवं ते. कुणाला पत्ता लागायचा नाही. मला बरोबर घेतलं ते अशासाठी की पोरीच्या तोंडाकडे बघून ती नाही म्हणणार नाही. अण्णांचा प्रत्येक बेत असा दोन पदरी असे. पण त्या दिवशी त्यांनी धुवट धोतर नेसलं होतं आणि टांग्यात बसल्यावर दोनदा टोपी नीट केली. तिला घेऊनच यायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. मलाही ती हवी होती. मी टांग्यात तिच्यापुरती जागा सोडून बसले होते.

दवाखान्याच्या फाटकावर दरवानाने विचारलं, "किससे मिलना है?"

"रमाबाई."

"इस नाम की कोई नहीं है यहाँ."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की, बघ, म्हटलं नव्हतं मी? लपवून ठेवलीय. "हमारी बहन हैं," ते म्हणाले. "मराठी बोलती हैं. विधवा हैं."

"अच्छा, धीरा बाई! तो ऐसा बोलिए ना." आणि त्याने आतल्या व्हरांड्यातली बाकडी दाखवली.

आत्या आली. पांढरं लुगडं, कोपरापर्यंत बाह्या वर, अंगाने जरा भरलेली. मला तिने जवळ ओढलं आणि तिच्या हाताला फिनेलचा वास होता. अण्णा तिला नीट न्याहाळत होते. कुठे वाळली आहे का, डोळे सुजलेत का. काही सापडेना.

"जेवायला नीट देतात?"

"देतात."

"मांसाहार?"

"मी खात नाही. कुणी जबरदस्ती करत नाही, दादा."

मग अण्णांनी भोपाळचं काढलं. चांगलं बोलले ते. घर मोठं मिळणार होतं. वसंता तुझी आठवण काढतो. झालं ते झालं. नाव काय, इथेच सोडून द्यायचं. बोलता बोलता ते एकदा "गोदे" म्हणाले, आणि आत्याने डोळे मिटले. मला वाटलं, येणार ही. नक्की येणार.

तेवढ्यात आतून किंकाळी आली. "धीरा! ओ धीरा बाई! अरे कहाँ गई, मैं मर जाऊँगी!"

आत्या उठली.

"दुसरं कुणी जाईल की," अण्णा म्हणाले.

"जाईल. पण हाक मला आहे," म्हणाली आणि गेली.

आम्ही बाकड्यावर बसून राहिलो. मधे एक भिंत आणि वर उघडा झरोका, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. ती बाई ओरडत होती आणि तिच्या वर आत्याचा आवाज. आमच्या घरात जिने कधी कुणाकडे मोठ्याने पाणी मागितलं नाही, तिचा आवाज भिंतीपार येत होता. "मेरी तरफ देख. इधर देख. कहीं नहीं जा रही मैं. धीर धर. हाँ, मेरी शेरनी." अण्णा डोकं किंचित तिरकं करून ऐकत होते. कचेरीत कुणाच्या बोलण्यात खोट आहे का हे ते असंच ऐकत. ते पुष्कळ वेळ ऐकत राहिले. मग बाळ रडलं, आणि अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

आत्या हात पुसत बाहेर आली. "मुलगी झाली," म्हणाली. बसली नाही. "दादा, मी नाही यायची. पहिल्या दोन नावांनी मला एका घरातून दुसऱ्या घरात नेलं आणि परत आणून टाकलं. हे नाव मला कुठे नेत नाही. इथे उभं करतं."

"आणि म्हातारपणी?"

"म्हातारपणी माझाही हात कुणीतरी धरेल."

अण्णांनी शेवटचा प्रयत्न केला. "हे सगळं बोलायला तुला कुणी शिकवलं?"

"दादा," आत्या हसून म्हणाली, "आजवर मला कुणी काही बोलायला शिकवलं होतं का?" मग हसू ओसरलं. ती त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "आता भेट कधी व्हायची कोण जाणे. जाण्याआधी एकदा हाक मार मला. माझ्या नावाने. एकदाच."

अण्णांचे ओठ हलले. मी बघत होते. दोन अक्षरं होती. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, ती नीट केली, आणि म्हणाले, "उशीर होतोय. सामान बांधायचंय अजून." आत्याने वाकून त्यांना नमस्कार केला. मला मिठी मारली. आम्ही फाटकाबाहेर आलो तेव्हा ती वळून आत निघालीही होती, तिला पुन्हा कुणीतरी बोलावत होतं.

मला रडू येत होतं आणि अण्णांचा इतका राग आला होता की मी टांग्यात त्यांच्याकडे पाठ करून बसले. टांगेवाला मुरारचाच कुणी म्हातारा होता. गाडी रस्त्याला लागल्यावर त्याने सहज विचारलं, "कोई बीमार है क्या, बाबूजी?"

"नहीं," अण्णा म्हणाले. "बहन है मेरी. यहीं रहती है."

"अच्छा," म्हणाला आणि त्याने घोड्याला टिचकारलं. बराच रस्ता मागे पडला. उन्हात धूळ उडत होती. मग अण्णांनी घसा साफ केला, आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात खिडकी लावल्याशिवाय घरातली गोष्ट तोंडाबाहेर काढली नाही, तो भर रस्त्यावर, त्या अनोळखी म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत मोठ्याने म्हणाला, "धीरा नाम है उसका."

टांगेवाल्याने नाव विचारलंच नव्हतं.